बारावी मूठ

खानदेशात फिरायला म्हणून कोणी जात नाही. जळगाव स्टेशनात गाडी थांबली की लोक खिडकीतून केळी घेतात आणि पुढे जातात. माझं तर ते सासर. पण तेरा वर्षांत मी जे पाहिलं ते स्टेशन ते स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघर ते स्टेशन एवढंच. या श्रावणात मात्र पाच दिवस मनासारखी फिरले. पिशवीत दोन साड्या होत्या, छत्री होती आणि एक फोटो होता.

फोटोचं आधी सांगते, कारण प्रवास त्याच्यामुळेच घडला. आम्हा दोघांना मूल नाही. दत्तकासाठी नाव नोंदवून बरेच दिवस झाले होते. कोणी तान्हं बाळ मिळेल असं मी मनात धरून बसले होते. आणि एका दुपारी समाजसेविका बाईंचा फोन आला. मुलगी आहे, पाच वर्षांची. फोटो आणि कागद पाठवते, सोमवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. फोटोत ती प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते आणि हसू तर अजिबात नव्हतं. कागदावर तिचं नाव होतं, पण आम्ही दोघंही ते तोंडाने घेत नव्हतो. घरात ती नुसती ‘ती’ होती.

माझा नवरा प्रमोद म्हणाला, “तू म्हणशील तसं.” हे वाक्य ऐकायला फार गोड लागतं. पण सगळा भारा आपल्या डोक्यावर देऊन नवरा हात हलवत मोकळा होतो. मी पुण्यात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना विचारत असते, आता नीट दिसतंय की आधी नीट दिसत होतं? स्वतःच्या बाबतीत मात्र दोन्ही काचा सारख्याच धूसर. पाच वर्षांचं मूल म्हणजे त्याला आठवणी असणार. मी तिला आवडले नाही तर? तिने कधीच आई म्हटलं नाही तर? आणि याहून वाईट, मलाच ती आपली वाटली नाही तर?

माझं माहेर कुडाळजवळचं. आमच्याकडे असं काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न मिटला. पण कुडाळला जाऊन येण्याइतकी रजा नव्हती. शिवाय गावाकडे कानबाईचा सण आला होता आणि मोठ्या जाऊबाईंचा हात मोडला होता. म्हटलं, मदतीला लवकर जाते. वाटेत दोन शहाण्या माणसांना विचारीन, आणि कौल काय, तिकडच्या देवीलाही लावता येईल. सासरी यातलं कोणाला काही माहीत नव्हतं.

जळगाव, गुरुवार

सपकाळेताई पुण्यात आमच्या शेजारी राहायच्या. मोठ्या दवाखान्यात प्रसूती विभागात परिचारिका होत्या, आता निवृत्त होऊन जळगावला परतल्या आहेत. रिक्षावाल्याने मला सोन्याच्या दुकानांच्या रस्त्यावरून असं काही नेलं की मी सोनं घ्यायलाच आले आहे अशी त्याची खात्री असावी. ताईंच्या दारात उतरले तर त्या उंबऱ्यातच म्हणाल्या, “वाळलीस. आधी जेव.”

जेवायला कळण्याची भाकरी होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, काळपट रंगाची, वर कच्चं तेल आणि लाल मिरचीचा ठेचा. आमच्याकडे नारळाशिवाय घास उतरत नाही आणि इथे तिखटाशिवाय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एका परीने बरंच झालं, कारण बोलता बोलता मला खरंच रडू आलं आणि ते ठेच्याच्या नावावर खपलं.

ताईंनी फोटो हातात घेतला. त्या बौद्ध, घरात बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. कौलाचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, “आमच्यात बाई तशी सोय नाही. आपणच नीट बघायचं आणि आपणच ठरवायचं. तू तुझ्या देवाला विचार, माझं काही म्हणणं नाही. पण मला विचारशील तर तुझी भीती सांग. नेमकी.”

मी म्हटलं, “ताई, नाही जमलं तर?”

त्यांनी फोटो माझ्याकडे वळवून धरला. “हिला पण हाच प्रश्न पडला असेल. तुला विचारायला मी आहे, नवरा आहे, देव आहे. ती कोणाला विचारेल?”

पुढे त्यांनी आणखी एक सांगितलं. वॉर्डात हजारो बाया बघितल्या, पण पहिल्या दिवशी पोराकडे बघून घाबरली नाही अशी एकही नाही. पोटचं असो की नसो, पहिला दिवस परकाच असतो, म्हणाल्या. मला बरं वाटलं, पण उत्तर काही मिळालं नाही. निघताना त्यांनी केळ्यांचा असा फणा दिला की तो मांडीवर घेऊन बसले तर समोरचं दिसेना.

धुळे, शुक्रवार

जळगावहून धुळ्याला एसटीने गेले. एरंडोल, पारोळा आणि दोन्ही बाजूंना कपाशी. आमच्या कोकणातलं हिरवं अंगावर येतं. इथलं हिरवं लांबवर पसरून असतं, मधे काळी माती दिसते, एखादा लिंब दिसतो, आकाश खूप मोठं असतं. मला इथे पहिल्या वर्षी उघडं पडल्यासारखं वाटायचं. या वेळी छान वाटलं.

पारोळ्याला एक आजोबा चढले आणि पिशवीकडे न बघता माझ्या शेजारी, म्हणजे माझ्या केळ्यांवर बसले. मग आम्ही दोघांनी मिळून धुळ्यापर्यंत चेपलेली केळी खाल्ली. कंडक्टरलाही दिली. आजोबांच्या धोतरावर डाग पडला तो पडलाच, पण ते म्हणाले, “राहू दे बाई, केळंच शे.”

देवपुरात प्रमोदचे काका राहतात. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. भूमिती शिकवून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे. मला त्यांची लग्नापासून भीती. त्यांना सरळ सांगायचं धाडस होईना, म्हणून मी तोच जगप्रसिद्ध उपाय केला. म्हटलं, “आबा, माझी एक मैत्रीण आहे.”

आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “बरं. काय झालं तिला?”

मी मैत्रिणीची सगळी हकिगत सांगितली. मैत्रिणीचा नवरा ‘तू म्हणशील तसं’ म्हणतो हेही सांगितलं. आबा म्हणाले, “तिचा नवरा आमच्या प्रमोदसारखाच दिसतोय.” आणि परत वर्तमानपत्र उचललं.

संध्याकाळी ते मला पांझरा नदीच्या काठी देवीच्या देवळात घेऊन गेले. हीच संधी होती. दारातून दोन झेंडूची फुलं घेतली, मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं आणि गाभाऱ्याच्या कठड्यावर दोन बाजूंना दोन ठेवली. उजवं पडलं तर हो. गुरव नाही, पाकळी नाही, मूर्तीला हात लावता येत नाही. कौलाचा अगदीच फाटका प्रकार होता. पण अडल्या नारायणाने काय करावं! एवढ्यात मागून एका बाईने ओटीचं ताट पुढे सारलं, पुजाऱ्याने जागा करायला म्हणून हात फिरवला आणि दोन्ही फुलं एकदमच खाली. मी तशीच उभी राहिले. मागची बाई म्हणाली, “सरका ना ताई पुढे.”

बाहेर पायरीवर बसून मी आबांना कौलाचं सांगून टाकलं. मैत्रिणीच्या नावावरच. ते नदीकडे वळून बसले. मग म्हणाले, “मी धुळ्यात घर बांधायचं ठरवलं तेव्हा चार जणांना विचारलं. चौघांनी नको म्हटलं, म्हणून पाचव्याला विचारलं. तो हो म्हणाला आणि मी म्हटलं, बघा, जाणत्या माणसाने सांगितलं. आपण पुष्कळदा सल्ला विचारत नाही, साक्षीदार गोळा करत फिरतो. तुझ्या मैत्रिणीला विचार, ती सगळ्यांना विचारत फिरते आहे ती हो म्हणून घ्यायला की नाही म्हणून घ्यायला?”

ते उठले, चप्पल घातली. “आणि तिला सांग, घरातल्या मोठ्या बाईपासून लपवून असलं काही ठरवू नये. बाकी मला काही माहीत नाही.”

बोरीकाठचं आमचं गाव, शनिवार

दुसऱ्या दिवशी आबांसोबतच गावी गेले. अमळनेरच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठी. घरात सासूबाई, म्हणजे अक्का. मोठे दीर भाऊ आणि हात गळ्यात बांधलेल्या सुनंदा वहिनी. अक्का पंच्याहत्तरीच्या आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी चष्म्याच्या दुकानातली, पण माझ्याकडून त्यांनी कधी डोळे तपासून घेतले नाहीत. “माले जे दखनं व्हतं ते दखी लिधं,” म्हणतात. जे पाहायचं होतं ते पाहून झालं.

कानबाई ही खानदेशची लाडकी देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते आणि सोमवारी नदीवर जाते. तिच्या प्रसादाला रोट म्हणतात. त्याची गंमत अशी की त्याचे गहू किलोवर घेत नाहीत. आमच्या घरात प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, आणि मूठ टाकताना ज्याची त्याची नावं मोठ्याने म्हणतात. त्या गव्हाचं पीठ चाळायचं नाही, रोट भाऊबंदांखेरीज कोणी खायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. देवीसाठी एकदा मोजलेला दाणा परत पोत्यात जात नाही. आमच्याकडे देवाचा प्रसाद दिसेल त्याच्या हातावर ठेवतात, त्यामुळे पहिल्या वर्षी मी शेजारणीला रोट द्यायला निघाले होते आणि घरात हाहाकार उडाला होता.

मुठी मोजायचं काम थोरल्या सुनेचं. पण वहिनींचा उजवाच हात मोडलेला. अक्का म्हणाल्या, “धाकली मोजी.” झालं. डोक्यावरून अंघोळ केली, पितळी परात पुढे घेतली, गव्हाच्या सुपात हात घातला. एकीकडे अक्का डोळे मिटून बसल्या होत्या, दुसरीकडे आबा आणि भाऊ. मी पहिली मूठ आबांच्या नावाने टाकली, मग त्यांचे दोन मुलगे, तीन नातू. मग भाऊ, त्यांचे दोन मुलगे, एक नातू. अकरावी मूठ प्रमोदची. नाव घेतलं, गहू परातीत पडले, वर पाव मूठ पडली. काम संपलं होतं.

आणि माझा हात पुन्हा सुपात गेला. मी शपथेवर सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. मनात फक्त एवढंच होतं की आमच्या घरातली मोजायची राहिली. मूठ भरली, परातीत सोडली. पाव मूठसुद्धा टाकली. तोंडातून नाव मात्र आलं नाही.

“बारा,” अक्का म्हणाल्या.

वहिनी हळूच पुटपुटल्या, “काढी ले पटकन, तिले दखाय नही.”

“दखाय नही, पन ऐकू येस माले,” अक्का म्हणाल्या. “अकरा मानसं, बारा मुठी. ही बारावी कोनी शे वं?”

मी आबांकडे पाहिलं. आबा आढ्याकडे बघत म्हणाले, “तिच्या एका मैत्रिणीची असेल.”

मला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ जे रडू आलं ते आवरेना. मग सगळं सांगितलं. फोन, फोटो, सोमवार संध्याकाळ, भीती, कौल, धुळ्यातली झेंडूची फुलं. गव्हाचे हात तसेच परातीत. या घरात तेरा वर्षांत मी इतकी कधीच बोलले नव्हते.

भाऊंनी खाकरून घसा साफ केला. ते वाईट नाहीत, पण रीतीला पक्के. म्हणाले, “पोर आनानी ते आना, माले काय. पन आंडेरनी मूठ ऱ्हास नही आपला घरमा.” मुलीची मूठ नसते आपल्या घरात. ते उठून ओट्यावर जाऊन बसले. मूठ परत घेता येत नाही, ठेवता येत नाही. देवीच्या परातीत मी भलतंच काहीतरी करून बसले होते.

अक्का माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “तू कौल लावनार व्हती ना?”

“हो अक्का.”

“आमनी कानबाई कौल नही देस. रोट खास आनि जास.” त्यांनी हात पुढे केला, चाचपत माझं मनगट धरलं. “पन बोलाले तिले फुलं कसाले लागतीस? तुना हातनीच बोलनी ना ती. चार दिन गावभर इचारत फिरनी, आनि हातले पयलेच माहीत.”

मग ओट्याकडे तोंड करून जरा मोठ्याने, “आनि मोजायेल दाना मांगे जात नही. रीत तूच सांगस ना रे? मंग?”

रीतीच्या माणसाला रीतीनेच गाठलं होतं.

“नाव काय शे पोरनं?” अक्कांनी विचारलं. “नावबिगर मूठ नही मोजात.”

मी आजवर न घेतलेलं नाव घेतलं. तारा. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने म्हटलं की ओट्यावर भाऊंनी मान वळवली. अक्का म्हणाल्या, “तारा. बारा.” आणि डोळे मिटून हात जोडले.

छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, ते मला तोवर नुसतं म्हणायचं वाटायचं. खरंच उतरतो. मला तिथेच, परातीशेजारी, भूक लागली.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. सुनंदा वहिनी म्हणाल्या, “थांबा. मंग मनी नातनी मूठ कोठे शे?” त्यांची नात चार वर्षांची. आबा म्हणाले, माझ्याही दोन नाती आहेत, भूमितीच्या दृष्टीने त्याही घरातच येतात. मी मोजत गेले. भाऊ आत आले, परातीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “आते आठेच थांबा, नहीते पोतं संपी.” आता इथेच थांबा, नाहीतर पोतं संपेल. पण नातीचं नाव मी घेतलं तेव्हा त्यांनी ते माझ्याबरोबर म्हटलं.

गिरणीवाल्याने कानबाईसाठी गिरणी धुऊन ठेवली होती. मुठींचा आकडा ऐकून तो भाऊंना म्हणाला, “दर वरीस अकरा ऱ्हातंस, यंदा पंधरा? एक वरीसमा चार पोरं?” भाऊ म्हणाले, “तू दळ.”

घरी येऊन प्रमोदला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “नाव घेतलंस?”

“घेतलं.”

“अक्कासमोर?”

“हो.”

“मग आता राहिलं काय,” म्हणाला आणि नाक ओढलं. त्याला सर्दी नव्हती.

रविवार, सोमवार

रविवारी पहाटे प्रमोद आला. कानबाई बसली, नारळाचा मुखवटा, नाकात नथ. दिवसभर खापरावर पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर सांडायचं नाही, अंगणातल्या खड्ड्यात ओतायचं, हे मी दहा वेळा विचारून घेतलं. एवढ्या मोठ्या चुकीनंतर आता लहान चूक नको होती.

सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन फुगड्या घालत नदीवर गेल्या. बोरीला बेताचं पाणी होतं. विसर्जन झालं आणि मी ओल्या साडीनेच काठावरून समाजसेविका बाईंना फोन लावला. संध्याकाळची वाट कशाला बघायची? मी “हो” म्हटलं. त्यांना पलीकडून ढोलच ऐकू येत होता, त्यामुळे तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा प्रमोदने फोन घेऊन म्हटलं.

निघताना अक्कांनी डबा दिला. “हाऊ ताराना रोट.”

मी म्हटलं, “अक्का, कागदपत्रं व्हायची आहेत. ती पौर्णिमेच्या आत येणार नाही. आणि तिच्या वाटचा दुसऱ्याने कसा खायचा?”

अक्कांना माझ्या अडाणीपणाचा कंटाळा आलेला स्पष्ट दिसत होता. त्यांनी चाचपून माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तवलग तू खाय. माय खास तेच पोरले लागस.”

आई खाते तेच पोराला लागतं. गावात हे पोटुशी बाईला सांगतात. वहिनींच्या सुनेला दोनदा सांगितलेलं मी याच घरात ऐकलं होतं, पोळ्या लाटता लाटता, मान खाली घालून.

अमळनेर स्टेशनात गाडीला वीस मिनिटं होती. प्रमोद पाणी आणायला गेला. मी बाकावर बसून डबा उघडला आणि ताराच्या वाटचा रोट खाल्ला. कोंड्यासकट, सगळा.